हनोईला स्वस्तात जायचंय? मग ‘आपल्याला गर्दीची सवय आहे’ हे आधी विसरा

मी पुण्याची. स्वारगेटचा चौक संध्याकाळी सात वाजता पायी ओलांडणाऱ्या माणसाला ट्रॅफिकची भीती कोण घालणार? त्यामुळे व्हिएतनामच्या राजधानीला, हनोईला निघताना मी व्हिसाची काळजी केली, जेवणाची केली, रस्त्यांची मुळीच केली नाही. आणि पहिल्याच सकाळी होआन कीम तळ्याच्या काठी, समोर दिसणाऱ्या कॉफीच्या दुकानाकडे बघत, दहा मिनिटं फुटपाथवर खिळून उभी राहिले. स्कूटरींचा लोंढा थांबतच नव्हता. शेवटी खांद्यावर फळांची कावड घेतलेल्या एक आजी माझ्या शेजारून सरळ त्या लोंढ्यात चालत गेल्या. इकडे-तिकडे बघणं नाही, धावणं नाही. मी त्यांच्या सावलीसारखी मागोमाग गेले.

२०२४च्या दिवाळीनंतर मी तिथे नऊ दिवस एकटीच राहिले. ज्या-ज्या ठिकाणी माझं चुकलं, तिथे बहुतेक वेळा कारण एकच होतं: ‘हे तर आपल्याकडच्यासारखंच आहे’ असं मी गृहीत धरलं होतं. खाली क्रमाने सगळं लिहिलं आहे. किमती माझ्या वेळच्या आहेत, थोडं पुढेमागे धरा.

१. तारखा आधी ठरवा, तिकीट नंतर

व्हिएतनाम म्हणजे बारा महिने उकाडा, हा समज उत्तरेला लागू नाही. हनोईत डिसेंबर ते फेब्रुवारी चांगली थंडी असते. पारा कधी दहा अंशांच्या आसपास जातो आणि स्वस्त होस्टेलात खोली गरम करायची सोय नसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसच्या दिवस भुरभुर पाऊस पडतो, कपडे वाळत नाहीत. मे ते ऑगस्ट घामाच्या धारा. ऑगस्ट-सप्टेंबर वादळांचे. मी जायच्या दोनच महिने आधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, यागी नावाच्या वादळाने शहरातली हजारो झाडं पाडली होती. तळ्याभोवती फिरताना बुंधे दिसत होते.

राहिले ऑक्टोबर-नोव्हेंबर. म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी बरोबर बसते.

एक आठवडा मात्र कटाक्षाने टाळा: ‘तेत’, त्यांचं नववर्ष. ते जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत येतं, तारीख दरवर्षी बदलते. त्या दिवसांत अर्धं शहर गावी गेलेलं असतं, स्वस्त खानावळी बंद आणि गाड्या भरलेल्या.

२. कागदपत्रं

ही यादी मोबाइलमध्ये नको, कागदावर करा:

- पासपोर्ट. परतीच्या तारखेनंतरही सहा महिने शिल्लक असलेला
- ई-व्हिसाच्या दोन छापील प्रती
- परतीच्या किंवा पुढच्या प्रवासाच्या तिकिटाची प्रत. हे व्हिएतनाममध्ये नाही, मुंबईच्या चेक-इन काउंटरवर विचारतात
- पहिल्या दोन रात्रींचं बुकिंग
- प्रवास विमा
- पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाच्या झेरॉक्स, मूळ पासपोर्टपासून वेगळ्या ठेवलेल्या
- दोन पासपोर्ट फोटो
- दोन वेगवेगळी कार्डं, दोन वेगवेगळ्या ठिकाणी

आता ई-व्हिसा. एका प्रवेशाचे २५ डॉलर आणि अनेक प्रवेशांचे ५०. ऑगस्ट २०२३ पासून तो जास्तीत जास्त ९० दिवसांचा मिळतो. व्हिएतनामी सरकारच्या संकेतस्थळावरून स्वतःच भरता येतो. शोधायला गेलात की सगळ्यात वर सरकारी दिसणारी पण खासगी दलालांची पानं येतात. ती दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट व्हीएन’ असेल तरच पुढे जा.

मराठी माणसाचा सापळा नावाच्या रकान्यात आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या ओळीत स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. अर्ज भरताना आपण सवयीने फक्त नाव आणि आडनाव टाकतो. मी तेच केलं. व्हिसा आला, वडिलांचं नाव गायब. भरलेले पैसे परत मिळत नाहीत. जोखीम नको म्हणून मी पुन्हा अर्ज केला आणि २५ डॉलर, म्हणजे तेव्हाचे एकवीसशे रुपये, निमूटपणे दुसऱ्यांदा भरले. पासपोर्टवर जसं आहे तसं, अक्षरन् अक्षर उतरवा. तसंच ‘कुठून प्रवेश करणार’ या रकान्यात नोई बाय विमानतळ निवडा. तारखेचंही बघा: मुंबईहून रात्री निघालात तर तिथे उजाडते दुसरी तारीख. व्हिसा सुरू व्हायच्या एक दिवस आधी पोहोचलात तर आत घेत नाहीत, उशिरा गेलात तर चालतं.

सरकारी मुदत तीन कामाच्या दिवसांची आहे. तीन आठवडे आधी अर्ज करा, म्हणजे माझ्यासारखी चूक झाली तरी धावपळ होणार नाही.

आणखी एक, खास तरुण वाचकांसाठी: ई-सिगारेटवर २०२५ पासून तिथे पूर्ण बंदी आहे. बॅगेत विसरूनही राहू देऊ नका.

३. पैसे, आणि शून्यांची गंमत

एका रुपयाला साधारण तीनशे डोंग. खिशात दहा लाख घेऊन फिरताना सुरुवातीला फार श्रीमंत वाटतं, मग कळतं ते सवातीन हजार रुपये आहेत. सोपा हिशेब असा: शेवटची दोन शून्यं काढा, उरलेल्याला तीनने भागा. ६०,००० डोंगचं जेवण, शून्यं काढून ६००, भागिले तीन, दोनशे रुपये. दुकानदार तोंडाने किंवा बोटांनी ‘पन्नास’ म्हणाला की ते पन्नास हजार. ‘हजार’ कोणी उच्चारत नाही.

सगळ्यात महाग सापळा नोटांचा आहे. २०,००० ची नोट निळी. ५,००,००० ची नोटही निळसर. दोन्ही प्लॅस्टिकच्या, दोन्हींवर हो ची मिन्ह यांचाच चेहरा. रात्री पिवळ्या दिव्याखाली मी पाण्याच्या बाटलीसाठी वीस हजार समजून पाच लाख पुढे केले. त्या बाईने नोट माझ्या हातात परत कोंबली आणि शून्यांवर बोट ठेवून मोठ्याने हसली. प्रत्येक जण हसून परत देईलच असं नाही. पहिल्याच दिवशी पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात टाका. दहा हजार आणि दोन लाख यांच्यातही तशीच फसगत होते.

भारतातून रुपये नेऊन उपयोग नाही. थोडे डॉलर घ्या, न चुरगळलेले, पेनाची रेघही नसलेले. बाकीचं फॉरेक्स कार्ड. डॉलर बँकेत किंवा अधिकृत काउंटरवरच बदला. सराफाच्या दुकानात दोन पैसे जास्त मिळतात असं कोणीतरी सांगेल, पण परवाना नसलेल्या दुकानात चलन बदलणं तिथे दंडाचं काम आहे. एटीएमवर प्रत्येक वेळी शुल्क कापतात, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढा. मशीनने ‘रुपयांत हिशेब करू का’ असं विचारलं तर नाही म्हणा, तो दर नेहमी वाईट असतो. यूपीआयच्या भरवशावर मुळीच जाऊ नका.

बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवरच येणार, त्यामुळे ते सिम फोनमध्येच राहू द्या आणि मेसेज येतील एवढं रोमिंग सुरू करून निघा. तिथल्या इंटरनेटसाठी ई-सिम घ्या. ग्रॅब हे ॲप (तिथलं ओला-उबर) मात्र घरीच, भारतीय नंबरवर, ओटीपीसकट चालू करून ठेवा. तिथे व्हॉट्सॲप फारसं कोणी वापरत नाही, सगळे ‘झालो’ (Zalo) नावाच्या मेसेजिंग ॲपवर असतात. तेही टाकून घ्या.

४. विमानतळ ते शहर

नोई बाय शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे. दारातून बाहेर पडताच ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत माणसं अंगावर येतात. मान खाली घालून पुढे चला आणि ८६ क्रमांकाची बस शोधा. ४५,००० डोंग, म्हणजे दीडशे रुपये. बॅगेला जागा असते, ती लाँग बिएन आणि जुन्या पेठेजवळून हनोई रेल्वे स्थानकापर्यंत जाते. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होते आणि रात्री दहानंतर मिळेल याची खात्री नाही. त्याहून स्वस्त साध्या बसही आहेत, पण रात्रभर जागून आल्यावर तो प्रयोग नको.

रात्री उशिरा उतरलात तर ग्रॅबची गाडी. ॲपमधला नंबर आणि गाडीचा नंबर जुळवूनच बसा. ‘मीच ग्रॅब’ म्हणत फोन नाचवणारा माणूस ग्रॅब नसतो.

५. मुक्काम आणि पत्ता

पहिल्यांदा जाताय तर जुन्या पेठेतच राहा. गोंगाट आहे, पण सगळं पायी फिरता येतं आणि पायी फिरणं म्हणजेच बचत. डॉर्ममधला पलंग दीड ते अडीच लाख डोंग, म्हणजे पाचशे ते साडेआठशे रुपये. अनेक ठिकाणी नाश्ता त्यातच असतो. फक्त मुलींसाठीचा डॉर्म थोडा महाग पडतो. मी तो घेतला आणि रात्री एकटीने परतताना मला कुठेही भीती वाटली नाही. बुकिंगआधी एक गोष्ट बघा: रस्त्याकडची खोली की मागची. हनोईत पहाटे पाचपासून हॉर्न सुरू होतात. आणि हो, संडासात जेट स्प्रे असतो. हा प्रश्न मला परतल्यावर सगळ्यात जास्त विचारला गेला, म्हणून सांगून टाकते.

घरं अरुंद आणि बोळकांडीसारखी खोल. दर्शनी बाजू तीन-चार मीटर, पण आत एकामागून एक खोल्या, मध्ये उजेडासाठी चौक. मा मे रस्त्यावरचं ८७ क्रमांकाचं जुनं घर नीट दुरुस्त करून लोकांना बघायला ठेवलं आहे. ते पाहिलं की आपल्या होस्टेलला खिडकी का नाही हे समजतं.

जुन्या पेठेला छत्तीस गल्ल्यांची पेठ म्हणतात. गल्लीच्या नावात ‘हांग’ आलं की त्याचा अर्थ माल. हांग बाक म्हणजे चांदीची, हांग दुअंग साखरेची, हांग मा कागदी पूजासामानाची. तांबट आळी, बोहरी आळी ऐकत वाढलेल्याला हे लगेच पटतं. फसगत इथे होते: एकच सरळ रस्ता दर शे-दोनशे मीटरवर नाव बदलतो. तळ्यापासून उत्तरेला निघालात की हांग दाओ, मग हांग न्गांग, मग हांग दुअंग, मग दोंग सुआन बाजार, आणि तुम्ही एकदाही वळलेला नसता. पत्त्यात ‘न्गो’ आलं तर ती बोळ आहे. ४२/१५ असं लिहिलेलं असेल तर ४२ नंबरची बोळ शोधा, तिच्यात १५ नंबरचं घर. मी ४२ नंबरच्या दुकानात जाऊन पंधरा नंबरची खोली मागत होते.

होस्टेलवाले नोंदणीसाठी पासपोर्ट घेतात. नोंद झाली की परत मागून घ्या.

६. रस्ता ओलांडणं

पुणे-मुंबईत आपण रस्ता ओलांडतो तो झटापटीने. अंतर हेरायचं, पळायचं, मध्येच थबकायचं, हात दाखवून एखाद्याला दटावायचं, जमलं नाही तर मागे यायचं. हनोईत यातली प्रत्येक गोष्ट धोक्याची आहे, कारण तिथला स्कूटरवाला तुम्ही पुढच्या दोन सेकंदांत कुठे असाल याचा अंदाज घेऊन गाडी वळवतो. तुमची चाल बदलली की त्याचा अंदाज चुकतो.

क्रम असा ठेवा:

१) आधी फक्त गाड्यांचा प्रकार बघा. बस, ट्रक किंवा मोटार येत असेल तर थांबा. त्या तुमच्याभोवती वळू शकत नाहीत आणि थांबतही नाहीत.

२) फक्त स्कूटरी उरल्या की पाऊल टाका. मोकळी जागा मिळायची वाट बघत बसू नका, ती मिळत नाही.

३) एकाच संथ गतीने चला. देवळात प्रदक्षिणा घालतो ना, तशी. धावू नका, मध्ये थांबू नका, आणि काहीही झालं तरी मागे पाऊल टाकू नका.

४) येणाऱ्या गाड्यांकडे तोंड असू द्या. हात जरा खाली, समोरच्याला दिसेल असा धरा.

५) फोन खिशात.

हिरवा माणूस पेटला म्हणून निर्धास्त होऊ नका, वळणाऱ्या स्कूटरी येतच राहतात. एकेरी रस्त्यावरही दोन्हीकडे बघा. फुटपाथ चालण्यासाठी असतो हाही समज सोडा. तिथे स्कूटरी लावलेल्या असतात, त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकची बुटकी स्टुलं मांडून लोक जेवत असतात, आणि तुम्ही डांबरावरून चालता.

पहिला सराव शनिवार-रविवारी करू नका. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत तळ्याभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात. ‘एवढंच होतं होय’ असं वाटतं आणि सोमवारी सकाळी जीव घशाशी येतो.

७. खाणं: ‘चाय’ म्हणजे चहा नव्हे

इथे जरा वेळ घेते, कारण बजेटचं आणि पोटाचं गणित दोन्ही इथेच बिघडतं.

पहिल्या दिवशी मी एका टपरीवर ‘चाय’ मागितला. बाईने नकारार्थी हात हलवला आणि समोरच्या गल्लीकडे बोट दाखवलं. तिथे शाकाहारी खानावळ होती. व्हिएतनामीत ‘चाय’ म्हणजे शाकाहारी, आणि चहा म्हणजे ‘चा’. ‘तोय आन चाय’, मी शाकाहारी खाते. ‘चा दा’, बर्फ घातलेला फिकट चहा, जो कोपऱ्याकोपऱ्यावर पाच हजार डोंगला मिळतो. दोन्ही शब्द पहिल्याच दिवशी पाठ करा, उलटसुलट केलेत तर माझ्यासारखं होईल.

मी अंडं खाते, मांस-मासे नाही. शुद्ध शाकाहारी लोकांची अडचण भाजीत मांस असणं ही नाहीच. अडचण आहे ‘नुअक मम’, म्हणजे माशांपासून केलेला पातळ, खारट अर्क. आपण मीठ घालतो तसा तो सगळीकडे पडतो. नुसत्या पालेभाजीच्या परतणीत, तळलेल्या टोफूबरोबरच्या वाटीत, सॅलडवर. ‘मांस नको’ म्हटलं की समोरचा मनापासून होकार देतो आणि नुअक मम ओततो, कारण त्याच्या लेखी ते मांस नाहीच. ‘खोंग नुअक मम’ म्हणजे ते नको. त्याऐवजी ‘सी झाऊ’, सोया सॉस मागा. उच्चारांवर विश्वास नसेल तर होस्टेलच्या मुलीकडून हे एका कागदावर व्हिएतनामीत लिहून घ्या. मी लिहून घेतलेला कागद नऊ दिवसांत तेलाने पारदर्शक झाला.

खात्रीचं ठिकाण म्हणजे ‘कम चाय’, शाकाहारी भात-भाजीची खानावळ. काचेमागे दहा-बारा पदार्थ मांडलेले, बोट दाखवायचं, ताट भरून मिळतं, चाळीस-पन्नास हजार डोंग. फलकावर कोंबडी, डुक्कर अशी नावं दिसली तर पळून येऊ नका. ते सोया आणि गव्हाचं बनवलेलं असतं. बौद्ध पद्धतीच्या पक्क्या ठिकाणी कांदा-लसूणही नसतो, अंडंही नसतं. आपल्या उपवासाच्या आज्यांना आवडेल असं. चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, तिथले बरेच लोक ‘चाय’ खातात. त्या दिवशी अशा खानावळींत जागा मिळणं कठीण, पण पदार्थ सगळ्यात जास्त. कालनिर्णय बघून गेलात तरी चालेल, मी गंमत करत नाही.

मांसाहारी मंडळींनी निदान हे शब्द ओळखावेत: बो म्हणजे गोमांस, गा कोंबडी, लोन डुक्कर, का मासा, तोम कोळंबी. ‘फो’ म्हणजे नूडल्सचं सूप; ‘फो बो’ आणि ‘फो गा’ यांत काय फरक आहे हे वाटी समोर आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. बुन चा हा हनोईचा लाडका पदार्थ, पण तो डुकराच्या मांसाचाच असतो, दुपारी जेवायला.

स्वस्तात पोट भरायचं असेल तर सकाळी ‘सोय सेओ’. हळद घातलेला चिकट भात, वर मुगाच्या डाळीचा किसल्यासारखा थर आणि तळलेला कांदा. दिसायला थेट आपल्या ओळखीचा. तळायला चरबी वापरतात, म्हणून पक्क्या शाकाहारींनी विचारूनच घ्यावा. अंड्याची ‘बान मी’, म्हणजे लांबट पावाचं सँडविच, वीस-पंचवीस हजारांत मिळते आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही. गोड हवं असेल तर ‘चे’. हो, आणखी एक च. शिजवलेल्या डाळी, साबुदाण्यासारख्या गोळ्या, नारळाचं दूध आणि बर्फ.

कॉफीबद्दल दोन शब्द. हनोईत ‘नाउ दा’ म्हणजे घट्ट गोड दुधाची बर्फाची कॉफी, ‘देन दा’ म्हणजे काळी. अंड्याची कॉफी याच शहरातली, १९४०च्या दशकात दुधाची टंचाई असताना फेटलेल्या अंड्याच्या बलकाने दुधाची जागा घेतली. वास येईल म्हणून मी चार दिवस टाळली. मग रोज प्यायले. सकाळी एखादी, चाळीस हजार डोंगच्या आसपास.

मसालेदार जेवणाची सवय असेल तर चौथ्या दिवशी जीभ रुसते. भारतीय हॉटेलं आहेत, पण एका वेळच्या जेवणात स्थानिक खाण्याचे दोन दिवस जातात. शेंगदाण्याच्या चटणीची छोटी पुडी सोबत न्या. चिकट भाताबरोबर ती कमाल लागते.

८. शहरात फिरणं, आणि भाड्याची स्कूटर

जवळचं सगळं पायी. लांबचं ग्रॅबच्या दुचाकीने, पंधरा ते तीस हजारांत. रोख देता येतात. चालक हेल्मेट देतो आणि ते घालावंच लागतं. तिथे २००७ पासून दुचाकीवर हेल्मेटसक्ती आहे आणि मागे बसलेल्यांसकट सगळे ते घालतात. पुणेकरांनी इथे वाद घालू नये. शहर बसचं तिकीट आठ ते वीस हजार. मेट्रो चांगली आहे, पण जुन्या पेठेत येत नाही.

भाड्याने स्कूटर घ्यायचा मोह होईल. घेऊ नका, आणि हे मी भित्रेपणातून सांगत नाही. आपल्या आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९च्या करारानुसारचा असतो. व्हिएतनाम १९६८च्या करारानुसारचा मानतो. म्हणजे पैसे भरून काढलेला तो परवाना तिथे चालत नाही. दुकानदार विचारणार नाही, गाडी हसत देईल. अपघात झाला की मात्र विमा कंपनी विचारेल, आणि तुम्ही विनापरवाना ठराल. वर ते अनामत म्हणून पासपोर्ट ठेवून घेतात आणि परत देताना जुने ओरखडे तुमच्या नावावर लावतात. माझ्या होस्टेलमधल्या एका मुलाचं हेच झालं.

९. फसवाफसवीचे ठरलेले प्रकार

बूट चिकटवणारा: तळ्याकाठी बसलात की एक माणूस येतो, तुमच्या बुटाकडे बघून चुकचुकतो आणि तुम्ही काही बोलायच्या आत सोलला गोंद लावतो. मग शिवतो. मग चार लाख मागतो. मी भांडून ऐंशी हजारांवर आणलं, तरी अडीचशे रुपयांना फसलेच. पाय मागे घ्या आणि उठून चालू लागा, हाच उपाय.

कावडवाली: ती स्वतःहून तुमच्या खांद्यावर कावड ठेवते, फोटो काढा म्हणते. नंतर फळं गळ्यात मारते. सुरुवातीला सांगितलेल्या आजी वेगळ्या. ज्यांना खरोखर माल विकायचा असतो त्या तुमच्यासाठी थांबत नाहीत.

सायकलरिक्षा: भाडं ठरवताना सगळी शून्यं लिहून घ्या, आणि ते दोघांचं मिळून की माणशी, एका तासाचं की फेरीचं, हेही.

सहलींची दुकानं: नावाजलेल्या कंपनीचंच नाव लावून दहा दुकानं बसलेली असतात. ‘हा लाँग’ या चुनखडीच्या डोंगरांच्या उपसागराची एका दिवसाची सहल फार स्वस्त दिसली तर जेवण, प्रवेश तिकीट आणि बोटीवरचा वेळ लिहून मागा. मी ‘हा लाँग’ सोडून रेल्वेने निन्ह बिन्हला गेले. अडीच तासांच्या आत पोहोचता येतं, चुनखडीचे डोंगर तसेच, आणि वल्ह्याची नाव. स्थानकाबद्दल एक सूचना: हनोई स्थानकाला दोन बाजूंनी दारं आहेत. दक्षिणेच्या गाड्यांना ले दुआन रस्त्याचं मुख्य दार, उत्तरेला ‘लाओ काय’ आणि ‘सापा’ या गावांकडे जाणाऱ्या गाड्यांना मागचं. रुळांवरून पलीकडे जायची सोय आपल्यासारखी नाही, बाहेरून वळसा पडतो.

१०. काय बघायचं

यादी कुठेही मिळेल, मी फक्त वेळ आणि पैसे वाचवणाऱ्या गोष्टी सांगते. हो ची मिन्ह यांची समाधी फक्त सकाळी उघडी असते, सोमवारी आणि शुक्रवारी बंद. गुडघे-खांदे झाकलेले हवेत. साहित्य मंदिर (स्थापना १०७०) ७०,००० डोंग. दगडी कासवांच्या पाठीवर उभे केलेले परीक्षा उत्तीर्णांचे ८२ शिलालेख तिथे आहेत. एमपीएससीवाल्यांनी जरूर जावं. रेल्वे गल्लीत, म्हणजे घरांना खेटून रूळ गेलेल्या बोळात, अडथळे लावून पोलिस उभे असतात. एखादा कॅफेवाला तुम्हाला हाताला धरून आत नेतो आणि कॉफीचे दुप्पट लावतो. गाडी येताना आखलेल्या रेषेच्या आत उभं राहा, डबा खरोखर हातभर अंतरावरून जातो.

सगळ्यात छान आणि फुकट: पहाटे साडेपाचला होआन कीमचा काठ. म्हाताऱ्या बायका पंखे घेऊन व्यायाम करतात, कोणी बॅडमिंटन खेळतं, आणि रस्ता, नवल म्हणजे, रिकामा असतो. त्यानंतर चालत लाँग बिएन पूल, १९०२ मध्ये फ्रेंचांच्या काळात पुरा झालेला. मधून रेल्वे, कडेने स्कूटरी आणि पायी माणसं. पायाखालच्या फरश्यांच्या फटीतून लाल नदी दिसते.

व्हॉट्सॲपवर ‘व्हिएतनाममध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा आहे’ हा निरोप तुम्हालाही आला असेल. निघताना काकांनी फोटो काढून आणायला सांगितला होता. मी शोधलं, होस्टेलवाल्यांना विचारलं. काकांना लाँग बिएनचा फोटो पाठवला.

११. एकूण खर्च

विमान आणि व्हिसा सोडून माझा दिवसाचा खर्च सरासरी सहा लाख डोंग, म्हणजे दोन हजार रुपये झाला. पलंग दोन लाख, तीन वेळचं खाणं-कॉफी दोन लाख, बाकीचं फिरणं आणि तिकिटं. निन्ह बिन्हचा एक दिवस वेगळा, नऊ लाख. कपडे किलोवर धुऊन मिळतात, त्यामुळे सात किलोंच्या बॅगेत सहज भागलं आणि विमानात सामानाचे जादा पैसे वाचले.

अडचणीत: पोलिस ११३, आग ११४, रुग्णवाहिका ११५. भारतीय दूतावास त्रान हुंग दाओ रस्त्यावर आहे, तळ्यापासून चालत जाता येतं.

परत निघताना उरलेले डोंग तिथेच बदला किंवा खर्च करा, पुण्यात ते कोणी घेत नाही. माझ्याकडे शेवटी अकरा हजार उरले होते. दोन ‘चा दा’ प्यायले, आणि हजाराची एक नोट अजून पाकिटात आहे.